चौबगला

तीन वर्षांपूर्वी शिवलेला झगा आज उसवायला घेतला.
मंगलदासमधली 'शंभर टक्के लोकर':
एक धागा ओढून काडी लावली
तर वितळून त्याचा मणी झाला, काळा, टणक.
जळक्या केसांचा वास यायला हवा होता.

मशीनची टीप. इंचाला बारा टाके,
कुठेही दम न खाल्लेले.
आणि काखेखाली चेन! पितळी!
हजार वर्षांपूर्वीच्या वायकिंग बाईला चेन लावून
मी गोराईच्या वाळूत मिरवले होते.
आमच्या अकरा जणांत कुणी काही बोललं नाही.
ऑस्कर ढाल रंगवत होता, त्याने फक्त
मान वळवली, समुद्राकडे.

म्हणून पुन्हा. सुतापासून.

परळच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
रक्ताच्या दोन स्लाइडींच्या मधे
लोकरीचा धागा ठेवून पाहिला:
पीळ डावा की उजवा.
लोकर फलटणकडच्या संगीता कोळपेंची.
फोनवर म्हणाल्या, घोंगडीचा झगा? मुंबईत?
बाई, लई चावंल.
चावू दे, म्हटलं. त्यांनाही चावतच असेल.

काळबादेवीला काष्ठौषधींच्या दुकानात
मंजिष्ठा मागितली, अर्धा किलो.
कातडीचा आजार? दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं.
नाही. झगा.
तिकडचं मूळ वेगळं, हे मला ठाऊक आहे.
ही त्याची चुलत बहीण.
तुरटीच्या पाण्यात तिने दिलेला रंग
विटेचा, थोडा गंजाचा,
आणि मोरीतल्या फरशीवर एक डाग
जो अजून गेलेला नाही.

अडलं ते आतल्या झग्याच्या बाहीपाशी.
थडग्यातल्या चिंध्यांवरून कुणी काढलेलं चित्र:
काखेत एक चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला.
चार संध्याकाळी मी तो लावला, उसवला,
पाचव्या दिवशी कागद घेऊन
निकदवरी लेनमध्ये हणमंत पोऱ्यांकडे गेले.
मोतीबिंदू झाल्यापासून ते फक्त काजं करतात.
त्यांनी कागद पाहिलाच नाही. कापड चाचपलं.

हा चौबगला.
बाराबंदीला असायचा. आमचे वडील
गप्पा मारता मारता घालायचे.
मग सुई मागितली, आणि न बघता
कोपरा असा वळवला
की माझ्या चार संध्याकाळी
मिटून तिथल्या तिथे बसल्या.
कुठल्या गावचे म्हणालात हे लोक?
उत्तरेचे, मी म्हटलं. फार उत्तरेचे. बर्फातले.
हं.
त्यांनाही हात वर करावे लागत असणार.

खांद्यावरच्या दोन पितळी वाट्या
तांबाकाट्याला ओतून घेतल्या.
कंसारा म्हणाला, झाकणं कसली?
त्याला सांगितलं नाही की मातीत
त्या बायकांचं कापड टिकलं ते एवढंच,
या वाटीला टेकलेलं, नखाएवढं.
धातू गंजतो आणि सुताला धरून ठेवतो.
बाकी झगा, बाकी बाई, माती.

काल रात्री अंगात घातला. मे महिना.
पंखा बंद केला, त्यांच्याकडे नव्हता म्हणून,
आणि सात मिनिटांत पुन्हा लावला.
लोकर चावली, सांगितलं होतं तशी.
हात वर केला. कुठेही ताण नाही.
आधी चौबगला भिजला.

जुना झगा पलंगाखाली आहे, तुकड्यांत.
हजार वर्षांनी कुणी इथे खणलंच
तर तो तसाच सापडेल, रंगासकट,
इंचाला बारा टाके, एकही न कुजलेला,
आणि ते वहीत लिहितील:
इथल्या बाया असं नेसत.

नव्यातलं, झालंच तर, नखाएवढं.
मी आज वाटीच्या मागे
एक टाका मुद्दाम जास्त घातला.